तांबड्या रंगाचे गाव आणि आपल्या बांधावरचा खैर

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त जपानात ओसाका शहरी असतात. त्यांच्या आग्रहावरून गेल्या वर्षी आम्ही उभयता तिकडे दीड महिना राहून आलो. परत आल्यावर संघाच्या बैठकीत पुष्कळांनी विचारले की, तेथील भातशेती कशी, यंत्रे कोणती, भाव काय मिळतो. त्याविषयी पुढे कधी लिहू. आज लिहावयाचे आहे ते एका रंगाविषयी. शेतकऱ्यांच्या मासिकात रंगाचे काय काम, असे वाचकांस वाटेल. परंतु हा मजकूर शेवटी शहापूर-मुरबाडच्या बांधावरच येऊन पोहोचणार आहे, तेव्हा थोडा धीर धरावा, एवढी विनंती.

ओकायामा प्रांतात ताकाहाशी नावाचे गाव आहे. तेथे आगगाडीतून उतरून तासाभराचा घाट बसने चढून गेले की फुकिया नावाची डोंगरातील वस्ती लागते. आमच्या डोळ्यांस तो प्रदेश माळशेजच्या माथ्यासारखा वाटला; फक्त झाडी निराळी, आणि रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. वस्तीत शिरताच मनुष्य थबकतो, कारण सारे गाव तांबडे आहे. दारे तांबडी, खिडक्यांच्या लाकडी जाळ्या तांबड्या, भिंतींवर तांबूस लेप आणि वर लालसर तपकिरी कौले. एकाने रंगविले म्हणून दुसऱ्याने रंगविले असा तो प्रकार नव्हे. तेथील धनिक व्यापाऱ्यांनी एकविचाराने घरे बांधविली, त्यामुळे गावास एकच रूप आले आहे. १९७७ साली जपान सरकारने ही वस्ती जशीच्या तशी राखण्याचे ठरविले.

हा तांबडा रंग तेथेच तयार होत असे. त्याचे जपानी नाव ‘बेंगारा’. चिरंजीवांनी सांगितले की, हे नाव आपल्या बंगालवरून पडलेले आहे. पूर्वी डच लोकांच्या व्यापारातून तांबडी माती तिकडे जाई, म्हणून बंगालचा रंग तो बेंगारा. आमच्या देशाचे नाव त्या डोंगरातील दारांवर शेकडो वर्षे फासले जात आहे, हे ऐकून आम्हांस गंमत वाटली.

वस्तीपासून थोड्या अंतरावर, रंग करण्याचा जुना कारखाना पुन्हा उभा करून त्याचे संग्रहालय केले आहे. आम्ही तेथे अर्धा दिवस घालविला. संग्रहालय म्हटले म्हणजे काचेची कपाटे आणि त्यांत चिठ्ठ्या, अशी आमची समजूत होती. येथे तसे नाही. ज्या क्रमाने माल होई त्याच क्रमाने खोल्या आहेत, आणि मनुष्य एका खोलीतून दुसरीत जाता जाता कामच शिकतो. त्या भागात तांब्याची खाण होती. तांब्याबरोबर लोखंड व गंधक मिसळलेला जो खनिज दगड निघे, तो पूर्वी टाकाऊ समजत. तो भाजून, पाण्यात भिजवून, ते पाणी आटवून त्यापासून हिरव्या रंगाचे खडे करीत. आपल्याकडे ज्यास हिराकस म्हणतात तोच हा पदार्थ. हे खडे मातीच्या पसरट थाळ्यांत घालून थाळ्यांच्या उतरंडी भट्टीत रचीत व लाकडाच्या आचेवर भाजीत. हिरव्याचे तांबडे होई. हा शोध १७०७ च्या सुमारास लागला असे तेथे मानतात.

परंतु भाजल्याने काम संपत नाही, आणि खरी मेहनत पुढेच आहे. भाजलेल्या मालात आम्ल राहते. ते राहिले तर रंग ज्यास लावाल त्यास खातो. म्हणून तो पाण्यात कालवून जात्यावर दळावयाचा, हौदात निवळू द्यावयाचा, वरचे पाणी सोडून नवे घालावयाचे, पुन्हा निवळू द्यावयाचे. असे किती वेळा करावयाचे ते हातास व जिभेस कळे. शेवटी फळ्यांवर पसरून उन्हात वाळवीत. भट्टीची खोली, दळण्याची खोली आणि आम्ल काढण्याच्या हौदांची खोली, अशा तीन मुख्य खोल्या आम्ही पाहिल्या, आणि तिसरी सर्वांत मोठी आहे असे आम्हांस वाटले. हा रंग लाकडास लावीत, आणि चिनी मातीच्या मौल्यवान भांड्यांवरील तांबड्या नक्षीसही वापरीत. त्यावर घराणी श्रीमंत झाली. हिरवे खडे करणाऱ्या हिरोकाने नावाच्या घराण्याचा वाडा जवळच आहे. त्याची दगडी तटबंदी पाहून हा वाडा आहे की गढी, असा प्रश्न पडतो.

पुढे रासायनिक कारखान्यांचा स्वस्त माल आला, खाणही बंद पडली, आणि १९७० नंतरच्या काही वर्षांत फुकियातील भट्ट्या विझल्या. तरी गावाने आपली विद्या पुसू दिली नाही. तेथील वृद्ध मनुष्य हौदाजवळ उभा राहून, पाणी किती वेळा बदलीत ते हाताच्या खुणांनी आम्हांस सांगत होता. चिरंजीव दुभाष्याचे काम करीत होते. परंतु हातांची भाषा आम्हांस त्यांच्याआधी समजत होती. त्या हौदाशी उभे असताना आमच्या मनात जे आले ते या लेखाचे खरे कारण होय. आम्हांस आमच्या मुरबाडकडील एका कातकऱ्याची मडकी आठवली.

आपल्या दोन्ही तालुक्यांत रंग देणाऱ्या वस्तू थोड्या नाहीत. गेरू आहे. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आहे. डहाणू-तलासरीकडे वारली भगिनी लग्नाचा चौक त्याच पांढऱ्याने गेरूच्या भिंतीवर लिहितात. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती विद्या जगापुढे नेली व त्यांस २०११ साली पद्मश्री मिळाली, हे सर्वांस ठाऊक आहे. जपानातच निईगाता प्रांतात तोकामाची येथे मिथिला नावाचे संग्रहालय आहे, त्यात मधुबनीच्या जोडीने वारली चित्रेही ठेविली आहेत. आम्हांस तिकडे जाणे झाले नाही. पळसाची फुले आहेत, हिरडा आहे, ऐनाची साल आहे. परंतु या सर्वांत जी वस्तू बनवावी लागते, जिच्यासाठी फुकियासारखीच भट्टी, पाणी, गाळणे आणि अनुभवी हात लागतात, ती एकच: खैराचा कात.

कात म्हणजे विड्यातील पदार्थ एवढेच आपण जाणतो. वस्तुतः तो रंग आहे. विड्यात चुना व कात एकत्र होताच तोंड लाल होते, हे रंगाचेच कार्य. चुन्याच्या खारट गुणाने कातातील द्रव्य लाल होते. कापडास काताचा रंग बसविला म्हणजे पक्का तपकिरी होतो. द्राक्षवाले ज्या मोरचुदाची फवारणी करितात त्याच मोरचुदाची जोड दिली तर तो उन्हाने उडत नाही व धुण्याने जात नाही. कातातील दुसरा भाग चामडे कमाविण्यास व कोळी लोकांची सुती जाळी टिकविण्यास उपयोगी पडे. नायलॉनची जाळी आल्यावर ती गरज राहिली नाही.

कातकरी ही जमातच या धंद्यावरून नाव पावली. काथोडी असेही त्यांस म्हणतात. अ. ना. वेलिंग यांनी १९३४ साली या जमातीवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. आज महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून गणल्या आहेत त्यांत कोलाम व माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. ज्या जमातीच्या नावातच एक कारखानदारी आहे, तिची ही स्थिती का झाली, याचे उत्तर आमच्या जुन्या दप्तरात आहे.

१८७८ च्या कायद्याने सरकारने जंगले राखीव करण्यास प्रारंभ केला. ठाणे जिल्ह्यातील जमीनधारकांची त्या वेळची मोठी ओरड राबाविषयी होती. भाताच्या रोपासाठी फांद्या तोडून भाजण्यास बंदी आली तर शेती करावी कशी, असा तो प्रश्न होता. ओरड एवढी झाली की १८८५ साली मुंबई सरकारास जंगल आयोग नेमावा लागला, व १८८७ साली त्याचा अहवाल आला. आपल्या पणजोबांच्या राबासाठी निदान आयोग बसला. कातकऱ्याच्या मडक्यासाठी कोण बसणार? त्याच्या नावावर जमीन नव्हती, दाखल्यास सातबारा नव्हता. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात वनोपजाची जी व्याख्या झाली तीत लाकूड, कोळसा, लाख, मोहाची फुले, हिरडा यांबरोबर कातही नावानिशी घातला आहे. आणि तो जंगलात सापडो वा न सापडो, जंगलातून आणलेला असो वा नसो, वनोपजच समजावा, असे शब्द आहेत. वाचकांनी हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. तुमच्या स्वतःच्या बांधावरील खैरापासून तुमच्याच अंगणात केलेला कात कायद्याने वनोपज ठरतो. शिवाय महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत खैर आहे, म्हणजे मालकी झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. झाड आदिवासी खातेदाराचे असेल तर १९६९ चा निराळा अधिनियम आहे. शहापूर तालुका संपूर्ण व मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, हेही लक्षात ठेवावे.

आता आम्हांस स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना बरे वाटत नाही.

१९९३ साली आम्ही एका कचेरीत अभिलेखाच्या कामावर कारकून होतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी, मालकी नंबरात, ओढ्याच्या काठी एक कातकरी कात काढताना सापडला. मडकी फोडली गेली, तयार कात व चिपा जप्त झाल्या, कुऱ्हाड गेली. झाड कोणाचे हे ठरविण्यासाठी उताऱ्याची मागणी आमच्याकडे आली. गाव नमुना बाराच्या शेऱ्याच्या रकान्यात ‘खैर ११’ अशी नोंद होती. ती आम्ही स्वहस्ते नकलून, शिक्का मारून दिली. नंबराच्या मालकाने जबाब दिला की, झाड माझे आहे, पण काताशी माझा काही संबंध नाही. या मनुष्याने परभारे तोडले.

हे खोटे होते, आणि आम्हांस ते ठाऊक होते. त्याच मालकाने आठ दिवस आधी आमच्याबरोबर चहा पिताना सांगितले होते की, दोन खैर कातकऱ्यास निम्मेनिम वाट्याने दिले आहेत. आम्ही गप्प राहिलो. आमच्याकडे मागणी उताऱ्याची होती, माहितीची नव्हती, असे त्या वेळी मनाशी म्हणालो. कारकुनास हे वाक्य फार लवकर सुचते. तो मालक आता हयात नाही. त्याचे नाव येथे लिहीत नाही. आणि त्यास एकट्यास दोष द्यावा असाही आमचा हेतू नाही, कारण कागदावर सही आमची होती.

जपानाहून आल्यावर पंधरा दिवसांच्या आत आम्ही त्या मनुष्याचा शोध घेतला. तो आता म्हातारा झाला आहे व मुरबाड तालुक्यातच एका वाडीवर मुलीकडे राहतो. आम्ही गेलो तेव्हा अंगणात बसून टोपलीस काठ घालीत होता. त्याने आम्हांस ओळखले नाही. आम्हीच सर्व हकीकत सांगितली. उतारा आम्ही दिला हे सांगितले, आणि चहाची गोष्टही सांगितली.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “भाऊसाहेब, तुम्ही सांगितलं असतं तरी मडकी फुटलीच असती.”

आम्ही म्हणालो, “फुटली असती, बाबा. पण दंड तुम्हां एकट्यास झाला नसता.”

“ते खरं,” तो म्हणाला. “दंडापायी त्या साली उचल घेतली नि वीटभट्टीवर गेलो. पुढं तीच वाट पडली.”

ही वाट कोणती, हे वाचकांस सांगावयास नको. दिवाळी झाली की वाड्या ओस पडतात, आणि भिवंडी-कल्याणकडील भट्ट्यांवर अंगावर घेतलेल्या रकमेपोटी कुटुंबेच्या कुटुंबे माती तुडवीत असतात. त्यांची मुले शाळेच्या पटावर असतात व प्रत्यक्ष भट्टीवर. आपल्यापैकी कित्येकांच्या जागेवर अशा भट्ट्या आहेत.

मग आम्ही त्यास फुकियाची गोष्ट सांगितली. मोबाइलमधील हौदांची छायाचित्रे दाखविली. त्याने ती हातात घेऊन बारकाईने पाहिली व विचारले की, हे पाणी कशासाठी बदलतात. आम्ही आम्लाचे कारण सांगितले. तेव्हा त्याने टोपली बाजूस ठेविली, आणि कात कसा काढीत ते आपण होऊन सांगू लागला. ते येथे उतरून ठेवितो.

झाड जून हवे. कोवळ्या खैरात पांढरे लाकूडच अधिक. कात असतो तो तांबड्या गाभ्यात. गाभा धरावयास पंचवीस-तीस वर्षे लागतात. झाड पाडून साल व पांढरे लाकूड तासून टाकावयाचे आणि गाभ्याच्या पातळ चिपा करावयाच्या. लांब चर खणून त्याचे चुलाण करीत व त्यावर मडकी ओळीने मांडीत. मडकी मातीचीच, लोखंडाचे भांडे चालत नाही, कात काळा पडतो. याचे कारण कोणत्याही शाई करणाऱ्यास ठाऊक आहे: तुरट द्रव्यास लोखंड लागले की काळा रंग होतो. चिपा पाण्यात उकळावयाच्या, अर्क काढून दुसऱ्या मडक्यात घ्यावयाचा, त्याच चिपांवर पुन्हा पाणी घालावयाचे. असे दोन-तीन वेळा झाले की सर्व अर्क गाळून, एकत्र करून आटवावयाचा. काकवीसारखा झाला की उतरावयाचा.

यापुढची गोष्ट आम्हांस मुळीच ठाऊक नव्हती. आटविलेला अर्क लगेच वाळवीत नाहीत. तो गार जागी दिवसेंदिवस ठेवितात, म्हणजे त्यात रवा धरतो. हा रवा म्हणजे खरा विड्याचा कात. उरलेला पातळ भाग फडक्यातून गाळून काढितात. तो काळसर, अधिक तुरट, रंगास व जाळ्यांस उपयोगी. रवा दाबून त्याच्या वड्या पाडितात व सावलीत सुकवितात. हे सारे काम थंडीतच का, असे विचारता तो म्हणाला, “उन्हाळ्यात रवा धरीतच नाही.” यात शास्त्र आहे. रवा धरणारे द्रव्य गरम पाण्यात सहज विरघळते, थंड पाण्यात विरघळत नाही. तुरट द्रव्य मात्र थंड पाण्यातही विरघळलेले राहते. दोन्ही वेगळी करण्यास थंडीवाचून दुसरे साधन त्याच्यापाशी नव्हते, आणि ते फुकट मिळत होते. फुकियातील लोक पाणी बदलून नको ते काढीत, आमचे कातकरी पौषातील रात्रीकडून ते काम करवून घेत. गाभ्याच्या वजनात विड्याचा कात शेकडा पाचाच्या आतबाहेरच निघतो. तेव्हा एका टोपलीभर वड्यांमागे किती लाकूड व किती जागरण, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

चिपळूणकडे सावर्डे भागात काताचे कारखाने आहेत. आपल्याकडील खैर आज कोणाकडे जातो? गुत्तेदार बांधावर येतो, उभ्या झाडाचा एकरकमी सौदा करितो, परवानगीची खटपट आपण करू म्हणतो, आणि शेतकरी गाभा न मोजता रक्कम घेऊन मोकळा होतो. कित्येकदा तर चोरच रात्री झाड नेतात आणि सकाळी बुंधा सापडतो. आमची सूचना एवढीच की, पहिल्याने आपल्या उताऱ्यावर खैरांची नोंद आहे की नाही ते पाहावे. नसल्यास तलाठ्याकडे अर्ज करून करून घ्यावी. नोंद नसलेल्या झाडाची परवानगीही मिळत नाही आणि चोरीची फिर्यादही लंगडी पडते. दुसरे, मुरमाड वरकस जमिनीवर, जेथे नाचणीही धड येत नाही, तेथे खैर येतो. शेंगा हिवाळ्यात पिकतात. बी पहिल्या पावसाबरोबर टोचावे व पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखावे, पुढे काटे आपली राखण आपण करितात. तोडलेल्या बुंध्यास फूट येते ती जपावी. ज्यांचे वय आमच्याएवढे आहे त्यांस त्या झाडाचा पैसा दिसणार नाही, नातवास दिसेल.

निघताना आम्ही म्हाताऱ्यास विचारले की, संघाने रीतसर परवानगी काढली, लाकूड कायदेशीर मिळविले, तर एकदा कात काढून दाखवाल का, म्हणजे त्याची छायाचित्रे घेता येतील आणि वाडीतील मुले पाहतील. तो हसला. म्हणाला, “मडकी रुंद तोंडाची पाहिजेत. हल्लीचे कुंभार माठच करतात.”

त्यानंतरची हकीकत अशी. वन कार्यालयाकडे संघाच्या वतीने अर्ज दिला आहे. त्यास आम्ही मालकी खैराच्या एका झाडाचा उतारा व झाडमालकाचे संमतिपत्र जोडले आहे, आणि या वेळी संमतिपत्रात कात काढणाऱ्याचे नाव व त्याचा निम्मा वाटा स्पष्ट लिहिला आहे. अर्जास पोच मिळाली आहे, उत्तर आलेले नाही. म्हसाच्या यात्रेपूर्वी परवानगी आली तर याच थंडीत काम होईल, नाहीतर पुढील वर्षापर्यंत थांबावे लागेल, आणि म्हाताऱ्याचा खोकला वाढत आहे. एका कुंभारास पाठीशी लागून आम्ही रुंद तोंडाची सहा मडकी करवून घेतली. त्यांतील एक भाजताना तडकले. पाच आमच्या पडवीत पालथी ठेविली आहेत. ज्या बंधूंस हे काम पाहावयास यावयाचे असेल त्यांनी आपले नाव संघाच्या कचेरीत नोंदवून ठेवावे.